प आणि फ



मी हौसेखातर पुस्तक परीक्षणं लिहितो. मानधन नसतं, पुस्तकाची एक प्रत मिळते, तेवढंच.

हान कांग यांच्या ‘द व्हेजिटेरियन’ या कोरियन कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाला २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. तेव्हा मी बिनधास्त लिहून टाकलं, ‘अनुवाद मुळाबरहुकूम उतरला आहे.’ मला कोरियनचं एक अक्षरही येत नव्हतं! पुढे जाणकारांनी अनुवादातल्या चुका दाखवल्या. कोरियनमध्ये पाय म्हणजे साधारण ‘पाल’ आणि हात म्हणजे ‘फाल’. अनुवादात पायाचा हात झाला होता. आपण पहिलीत गिरवलेला प आणि फ!

कादंबरी मोठीच आहे. हान कांग यांना २०२४ मध्ये नोबेलही मिळालं. खोटं होतं ते माझं वाक्य.

तेव्हा मानोऱ्यातला आपला वर्ग आठवला. गोरमाटी शब्द अडला, की गुरुजी अंदाज बांधत नसत. तांड्यावरून येणाऱ्या मुलांनाच विचारत.

आता अनुवादाच्या प्रत्येक परीक्षणात मी आधीच सांगतो : मूळ भाषा मला येत नाही, हे मत अनुवादापुरतं. गुरुजी, हे तुमचंच शिकवणं. मला उशिरा कळलं.