मुक्त कार्यप्रणालीच्या जडणघडणीत स्वयंसेवकांचा वाटा

संगणक सुरू होताच पडदा, कळफलक, साठवण या साऱ्यांचा कारभार हाती घेणारी जी मूळ आज्ञावली, तिला कार्यप्रणाली म्हणतात. ‘डेबियन’ ही अशीच एक कार्यप्रणाली. इयान मर्डॉक यांनी १९९३ साली तिचा पाया घातला. ती सर्वांना वापरण्यास, अभ्यासण्यास व सुधारण्यास खुली असून जगभरातील स्वयंसेवक ती घडवितात.

परंतु आज्ञावली लिहिणाऱ्यांजवळ प्रत्येक प्रकारचे यंत्र नसते आणि प्रत्येक भाषाही त्यांना अवगत नसते. ही उणीव चाचणी करणारे स्वयंसेवक भरून काढतात. डेबियनमध्ये नवा घटक सामान्यतः प्रथम ‘अस्थिर’ शाखेत दाखल होतो. काही दिवसांत नवा गंभीर दोष आढळला नाही, तर तो ‘चाचणी’ शाखेत जातो. तेथूनच साधारणतः दोन वर्षांनी ‘स्थिर’ आवृत्ती सिद्ध होते. तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे येथे मौन हीच संमती ठरते. ज्या दोषाची वेळीच नोंद झाली नाही, तो शाळा-कचेऱ्यांतील यंत्रांपर्यंत पोहोचू शकतो.

या कार्यास आज्ञावली-लेखनाचे ज्ञान अनिवार्य नाही; अचूक निरीक्षण पुरेसे आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. दोन्ही शब्द पडद्यावर सारखेच उमटले, तर परभाषी तंत्रज्ञास काहीच खटकणार नाही. मराठी शिक्षकाच्या मात्र ते तत्काळ ध्यानी येईल.

तथापि, ‘अक्षर बिघडते’ एवढी तक्रार पुरेशी नाही. यंत्र कोणते, आवृत्ती कोणती, कोणत्या क्रमाने काय केले, काय अपेक्षित होते व प्रत्यक्षात काय घडले, हे सर्व लिहावे. तोच दोष पूर्वी कोणी नोंदविला आहे काय, हे आधी पाहावे. एका नोंदीत एकच दोष असावा. डेबियनची दोषनोंदवही सर्वांना खुली असून प्रत्येक नोंदीस क्रमांक मिळतो. दुरुस्ती झाल्यावर पुन्हा चाचणी घेऊन निष्कर्ष कळविणे, हेही स्वयंसेवकाचे कर्तव्य होय.

एक दक्षता मात्र आवश्यक आहे. कार्यालयीन दप्तर ज्या यंत्रात आहे, त्यावर चाचणी आवृत्ती कधीही बसवू नये. त्यासाठी वेगळे, जुने यंत्र घ्यावे.

जी वस्तू विनामूल्य मिळते, तिची परतफेड अशा एका काळजीपूर्वक नोंदीनेही करता येते.