कुलवृत्तांताचे वाचन

पुष्कळ घरीं कुलवृत्तांताची प्रत असते. विवाह ठरवितांना गोत्र पाहण्यापुरती ती उघडते व पुन्हां कपाटांत जाते. वास्तविक हा ग्रंथ शोधाचा शेवट नव्हे, आरंभ होय. वंशावळींतील वरच्या पिढ्या बहुधा स्मरणावरून लिहिलेल्या असतात. त्यांस कागदाचा आधार पाहिजे. यात्रेस गेलेल्या वडीलधाऱ्यांचीं नांवें त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सांपडतात. इनाम-वतनाचे मोडी कागद पुण्याच्या पेशवे दप्तरांत आहेत. त्यांतील निवडक कागद रियासतकार सरदेसाई यांनीं ४५ खंडांत छापले. १९१० सालीं स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रहहि पाहावा.

परंतु एक माग या दप्तरांतहि सहसा लागत नाहीं. मुलगी विवाहाबरोबर एका ग्रंथांतून निघते आणि सासरच्या ग्रंथांत बहुधा दुसऱ्याच नांवानें येते. दोन्ही ग्रंथ शेजारीं ठेवल्यावांचून ती ओळखूं येत नाहीं. यास्तव घरांतील आजी आहेत तोंच त्यांचें माहेरचें नांव, गांव व आईचें नांव विचारून समासांत तारखेसह लिहून ठेवावें. उद्यां तें सांगणारें कोणी उरणार नाहीं.