हरण्याचा हिशेब

खेळात हरणे ही नामुष्की नव्हे. दोघे आखाड्यात उतरले की एकाला पाठ लागावयाचीच. नामुष्की आहे ती हरावयाचे ठरवून उतरण्यात. कोल्हापूरकडे अशा ठरवून केलेल्या लढतीला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात, आणि तिचा नुसता वास आला तरी तेथला प्रेक्षक मल्लांची गय करीत नाही. परंतु हाच प्रश्न अमेरिकेतील बास्केटबॉलमध्ये मोठ्या सभ्य वेषात पुढे येतो. मोडकळीस आलेला संघ नव्याने उभारावयाचा, तर एक-दोन हंगाम मुद्दाम हरावे काय?

हा प्रश्न उद्भवतो तो एका सद्हेतूतून. तेथील एनबीए ह्या व्यावसायिक स्पर्धेत होतकरू खेळाडूंची वाटणी दरवर्षी क्रमाक्रमाने होते, आणि दुबळ्या संघांना निवडीचा मान आधी मिळतो. बलवानांनीच सारे चांगले खेळाडू लाटू नयेत, हा त्यामागील विचार. पण शेवटच्याला पहिला घास असा नियम झाला की शेवटचे होण्यासाठीही चढाओढ लागते. शिवाय बास्केटबॉलमध्ये एका वेळी संघाचे पाचच खेळाडू मैदानात असतात. एक असामान्य गडी लाभला तरी संघाचे दैव पालटते. सॅन अँटोनियोच्या संघाने १९९६-९७ च्या हंगामात, प्रमुख खेळाडू जायबंदी असताना, ८२ पैकी अवघे २० सामने जिंकले. त्यांना टिम डंकन मिळाला आणि १९९९ साली ते विजेते झाले. असे उदाहरण डोळ्यांसमोर असले म्हणजे मोह आवरणे कठीण.

तो आवरावा म्हणून १९८५ पासून पहिल्या निवडीसाठी सोडत काढण्यात येऊ लागली. २०१९ साली तळाच्या तीन संघांची संधी सारखी, म्हणजे शेकडा १४, करण्यात आली. २०२५ च्या सोडतीत तर डॅलसच्या संघाला शेकडा दोनाहूनही कमी संधी होती, आणि पहिली निवड नेमकी त्यालाच लाभली! तेव्हा ज्या बक्षिसासाठी हरावयाचे, ते हाती पडेलच अशी हमी नाही.

आणि पडले तरी काय होते? फिलाडेल्फियाच्या व्यवस्थापकांनी २०१३ पासून हा मार्ग उघडपणे चोखाळला. तीन हंगामांत त्यांच्या संघाने १९, १८ आणि १० सामने जिंकले. २४६ पैकी ४७. त्यातून जोएल एम्बीडसारखा खेळाडू लाभला आणि २०२३ साली तो स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूही ठरला. परंतु २०१८ ते २०२५ ह्या काळात तो संघ बाद सामन्यांची दुसरी फेरी एकदाही ओलांडू शकला नाही. उलट, डेन्व्हरला २०२३ साली विजेतेपद मिळवून देणारा निकोला योकिच हा निवडीत ४१ वा होता. त्याला मिळविण्यासाठी कोणालाही तळाला जावे लागले नव्हते. पारखी नजर तेवढी लागली.

शेवटचे येण्याला बक्षीसच नसेल, तर तळाचा संघ काय करतो? ह्याचे उत्तर आपल्याकडे चेन्नईच्या क्रिकेटसंघाने दोनदा दिले आहे. आयपीएलमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो आणि खर्चाची मर्यादा सर्व संघांना सारखीच असते. हरल्याबद्दल तेथे पैभरही अधिक मिळत नाही.

२०२० साली ही स्पर्धा संयुक्त अरब अमिरातीत झाली. खेळलेल्या प्रत्येक हंगामात तोवर पहिल्या चारांत आलेला चेन्नई सुपर किंग्ज त्या वर्षी आठांत सातवा आला. अकरा सामन्यांत आठ पराभव झाले, आशा जवळजवळ मावळली आणि तीन सामने उरले. पुण्याचा तरुण सलामीवीर ऋतुराज गायकवाड ह्याच्या त्यापूर्वीच्या तीन डावांतील धावा होत्या शून्य, पाच आणि शून्य. उरलेल्या तिन्ही सामन्यांत त्याला खेळविण्यात आले. त्याने नाबाद ६५, ७२ आणि नाबाद ६२ धावा केल्या आणि चेन्नईने तिन्ही सामने जिंकले. पुढच्याच वर्षी, २०२१ साली, गायकवाडने ६३५ धावा करून स्पर्धेत अग्रस्थान मिळविले आणि चेन्नई विजेती ठरली.

२०२५ चा हंगाम ह्याहून वाईट गेला. चेपॉकवर झालेल्या सहांपैकी पाच सामने चेन्नई हरली आणि दहा संघांत प्रथमच शेवटची आली. कर्णधार गायकवाड जायबंदी होऊन बाहेर पडला. त्याच्या जागी विरारचा सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे आला. बंगळुरूविरुद्ध त्याने ९४ धावा केल्या. सामना मात्र अवघ्या दोन धावांनी गेला. अखेरचा सामना २५ मे रोजी अहमदाबादेत होता. चेन्नईला त्यात मिळविण्यासारखे काही उरले नव्हते, आणि समोर गुणतक्त्यात अग्रभागी असलेला गुजरातचा संघ होता. चेन्नईने तो सामना ८३ धावांनी जिंकला. गुजरातची तिसऱ्या क्रमांकावर घसरण झाली आणि पहिल्या दोघांना मिळणारी दुसरी संधी त्याच्या हातून गेली. चेन्नई तेथे मुद्दाम हरली असती, तर ज्यांचा त्या सामन्याशी संबंध नव्हता अशा संघांचे हक्काचे स्थान गेले असते. हरण्याचा हिशेब केवळ दोघांपुरता नसतो, तो असा.

येथे कोणी पुरंदरच्या तहाची आठवण देईल. शिवाजी महाराजांनी १६६५ साली तेवीस किल्ले दिले आणि पुढे ते परत घेतले; मग आज हरून उद्या जिंकण्यात वावगे ते काय? पण त्या तहाआधी पुरंदरावर मुरारबाजी लढत पडला होता. महाराजांनी किल्ले दिले ते उरलेले राज्य राखण्यासाठी. लढाई हरण्यासाठी त्यांनी कोणाला पाठविले नव्हते. माघार निराळी, मुद्दाम हार निराळी. थकलेल्या, वयस्क खेळाडूंना निरोप द्यावा, अननुभवी मुलांना मैदानात उतरवावे आणि त्यापायी होणारे पराभव सोसावेत, ही माघार झाली. तिला कोणी नावे ठेवणार नाही.

फिलाडेल्फियाच्या व्यवस्थापकांवरच सारा दोष टाकणेही न्याय्य होणार नाही. मोह नियमानेच उत्पन्न केला होता, आणि मैदानातले खेळाडू आपापल्या परीने झटतच होते. तथापि संघ म्हणजे निवडलेल्या नावांची यादी नव्हे. सामना हातचा गेला असतानाही चेंडूमागे धावण्याची सवय संघाला लागावी लागते, आणि ती सोडतीत मिळत नाही. २०२० सालच्या त्या तीन विजयांनी चेन्नईला सातव्या क्रमांकाच्या वर नेले नाही. संघाला पुढील वर्षासाठी एक सलामीवीर मात्र मिळाला.