विहारापासून पाच मिनिटांवरची शाळा
(विहाराच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी आम्ही विहाराच्या कामाचा हिशेब देतो. वर्गणी किती जमली, फरशी कुठवर आली, रंगाला किती लागले. यंदा वेळ मागून घेतला तो दुसऱ्या एका इमारतीसाठी. विहारापासून पाच मिनिटांवरच्या महापालिकेच्या शाळेसाठी.

शाळेसाठी भांडणे ही आपल्या चळवळीत नवी गोष्ट नाही. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. सरकारची तिजोरी कष्टकरी भरतो आणि शिक्षण वरच्या वर्गाला मिळते, तेव्हा निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, हे त्यांचे मागणे. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात ते मोफत आणि सक्तीचे करूनही दाखवले. आणि १९२७ चा मार्च महिना आपल्याला महाडच्या तळ्यामुळे पाठ आहे. पण त्याच महिन्यात, सत्याग्रहाच्या आठवडाभर आधी, बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलत होते. शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अठराच पोचतात, हे त्यांनी आकड्यानिशी मांडले. दारूच्या करातून लोकांकडून जेवढे घेता, तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, असे सरकारला सुनावले. पाण्याचा हक्क आणि शाळेचा हिशेब, दोन्ही एकाच महिन्यात! जयंतीच्या भाषणांत पहिली गोष्ट नेहमी येते, दुसरी क्वचितच येते.

आता आपल्या शाळेकडे येऊ. वर्ग पाच, शिक्षक दोन. एक गुरुजी पहिली-दुसरी एकत्र बसवतात, बाई उरलेले तीन वर्ग सांभाळतात. त्यातला एक जण निवडणुकीच्या कामाला गेला की पाचही वर्ग एकाच्या गळ्यात. मुलींच्या संडासाला दार होते, पाणी नव्हते. मोठ्या मुली दुपारच्या सुट्टीत घरी यायच्या त्या परत जायच्याच नाहीत. आया म्हणायच्या, पोरीला अभ्यासाची गोडी नाही. गोडीचा प्रश्नच नव्हता हो.

काही बांधव आम्हाला विचारतात, आमची मुलं इंग्रजी माध्यमात आहेत, आम्ही कशाला पडायचं यात? त्यांना आमचं सांगणं असं की आपल्यातल्या ज्यांना नोकऱ्या लागल्या त्यांची मुलं त्या शाळेतून निघाली. उरली ती धुणीभांडी करणाऱ्या बायांची आणि नाक्यावर कामाची वाट बघणाऱ्या माणसांची. ज्यांना अर्ज लिहिता येतो त्यांची मुलं तिथे नाहीत, आणि ज्यांची मुलं तिथे आहेत त्यांना साहेबापुढे बोलायची भीती वाटते. ही दोन माणसं एकत्र येतात अशी आपल्या वस्तीत एकच जागा आहे. ती म्हणजे हा विहार.

आणखी एक धोका आहे. पट कमी झाला की शाळा मोडण्याची भाषा सुरू होते. २०२३ साली राज्य सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले होते. आपला पट अजून साठाच्या वर आहे, पण तो दरवर्षी उतरतोय.

कायदा आपल्या बाजूचा आहे, तो फक्त वाचायला हवा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वद मुलांना तीन. मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, वाचनालय, मैदान. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीचे काम सोडून शिक्षकाला दुसऱ्या सरकारी कामाला जुंपायचे नाही. आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. दुर्बल आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. शाळेचा विकास आराखडा याच समितीने करायचा असतो.

आपल्याकडे समिती होती, पण कागदावर. रजिस्टर घरी यायचे, आई अंगठा किंवा सही करायची. कशावर केली ते विचारायची सोय नव्हती. गेल्या वर्षी महिला मंडळाच्या ताईंनी ठरवले की सभेला गेल्याशिवाय सही करायची नाही. एवढ्या एका गोष्टीने सभा खरोखर भरू लागल्या. पहिल्या सभेला बाया दाराशीच उभ्या राहिल्या. तिसऱ्या सभेला बाकावर बसून हजेरीचा पट मागितला.

मग घरोघर जाऊन मुलं मोजली. निवृत्त झालेल्या आपल्या एका काकांनी अर्ज लिहिला, आणि त्यांनीच शिकवले की आवक शिक्का असलेली प्रत हातात पडल्याशिवाय कचेरीतून हलायचे नाही. संबंधित साहेब तीनदा भेटले नाहीत. चौथ्यांदा पंधरा बाया गेल्या, तेव्हा भेटले. संडासाला पाणी आले. तिसरा शिक्षक अजून आलेला नाही.

गुरुजी आणि बाईंविषयीही बोललं पाहिजे. त्यांच्यावर राग काढणे सोपे आहे, ते रोज समोर दिसतात. पण तिसरी जागा त्यांनी रिकामी ठेवलेली नाही. आपण शिक्षक मागतोय, तो त्यांच्याही सोयीचा आहे, हे त्यांना जाऊन सांगा. बाईंनी पटाचे आकडे दिले म्हणून तर आपला अर्ज पक्का झाला.

आता पुढचे काम. कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार दिली की तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, नाही दिला तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येते. तक्रारीचा मसुदा तयार आहे. येत्या रविवारी वंदना झाल्यावर तो इथेच मोठ्याने वाचू, कुणाला शब्द कळला नाही तर थांबवून विचारा. ज्यांची मुलं त्या शाळेत आहेत त्या आई-वडिलांनी मुलाचे नाव आणि इयत्ता लिहून आणावी. ज्यांची मुलं तिथे नाहीत त्यांनी पेन घेऊन यावे, लिहायला माणसे कमी पडतात. आणि सोमवारी सकाळी अकराला कचेरीत जायचे आहे. कामावरून सुट्टी मिळणाऱ्यांनी आजच नाव सांगा.

नमो बुद्धाय, जयभीम!