समुद्रावरची टेहळणी : किरण शेखावत आणि तिचं घर

(कर्जतला रेकॉर्ड केलेल्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी सगळं तसंच ठेवलं आहे.)

लोकलमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा. बाईकवर असाल तर आधी घरी पोचा, मग ऐका. घाई नाहीये.

'टॉप गन' पाहिलाय ना? १९८६ चा, जुना. त्यातला टॉम क्रूझचा मॅव्हरिक सगळ्यांना आठवतो. पण त्याच्या मागच्या सीटवर बसणारा गूज आठवतो का? मिश्या असलेला, हसरा. तो विमान चालवत नाही. तो रडार बघतो, आजूबाजूला कोण आहे ते सांगतो. त्याला बायको आहे, लहान मुलगा आहे. आणि सिनेमात जीव जातो तो त्याचाच. अमेरिकेच्या नौदलात या कामाला 'नेव्हल फ्लाइट ऑफिसर' म्हणतात. आपल्या नौदलात साधारण त्याच कामाला किरणच्या काळात 'ऑब्झर्व्हर' म्हणायचे. आजचा भाग अशाच एका ऑब्झर्व्हरबद्दल आहे, पण ती सिनेमातली नाही. तिचं नाव किरण शेखावत.

आधी काम समजून घेऊ, नाहीतर माणूस समजणार नाही.

आपण कर्जतवाले, आपल्याला रेल्वेच्या भाषेत पटकन कळतं. लोकलच्या पुढे मोटरमन असतो. पण शेवटच्या डब्यात गार्ड बसलेला असतो, आता त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात. तो गाडी चालवत नाही. पण त्याने घंटा दिल्याशिवाय गाडी फलाटावरून हलत नाही. नौदलाच्या विमानात ऑब्झर्व्हरचं काम याच्यासारखं, फक्त याच्यापेक्षा बरंच मोठं आहे.

का? कारण खाली समुद्र असतो. डोंगरात आपल्याला खुणा असतात. हा माथेरानचा डोंगर, तो इर्शाळ, त्याच्या बाजूला प्रबळगड. रस्ता चुकला तरी सुळका बघून दिशा कळते. समुद्रावर सुळका नाही, झाड नाही, टपरी नाही. सगळीकडे सारखं पाणी. तिथे आपण नेमके कुठे आहोत, खाली दिसणारा ठिपका मासेमारीची बोट आहे की तेलाचं जहाज, ते जहाज जे नाव सांगतंय ते खरं आहे का, कुठे वळायचं, परत यायला इंधन किती लागेल, हा सगळा हिशोब चालू ठेवावा लागतो. रडार, रेडिओ, नकाशा आणि स्वतःचे डोळे. वैमानिक विमान उडवतो. ते विमान कशासाठी उडतंय, तो भाग ऑब्झर्व्हर सांभाळतो.

आणि कोणी समुद्रात हरवलं तर? शेवटचा ठावठिकाणा कुठला, तेव्हा वारा कुठला होता, प्रवाह कुठे नेत असेल, याचा अंदाज बांधायचा आणि त्या बिंदूभोवती चौकोन मोठा मोठा करत शोधत जायचं. तासन् तास. डोळा लागून चालत नाही.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, टेहळणी. राजमाचीवर उभं राहिलात की बोरघाटाची वाट दिसते. म्हणून तर तिथे किल्ला आहे. घाटात कोण येतंय हे घाटातल्या माणसाच्या आधी वरच्याला कळलं पाहिजे. काम तेच, फक्त किल्ला हवेत उडतोय.

आता कोणी म्हणेल, दादा, आपल्या तालुक्यांना कुठे समुद्र आहे? बरोबर. कर्जतला नाही, खालापूरला नाही. पण खोपोलीहून निघालेली पाताळगंगा शेवटी धरमतरच्या खाडीलाच मिळते, आणि जिल्हा म्हणून आपण रायगड आहोत. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतलं आरडीएक्स आपल्याच जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरवलं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला एक रिकामी बोट वाहत आली, आत एके-४७ रायफली. दहीहंडीच्या तोंडावर सगळ्या जिल्ह्यात नाकाबंदी झाली होती. नंतर कळलं, ओमानकडे सोडून द्यावी लागलेली बोट होती, घातपाताचा प्रकार नव्हता. पण तेवढे काही तास सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता. किनाऱ्यावर काय येतंय हे आधी कळण्यासाठी कोणीतरी वरून बघत असावं लागतं.

तर किरण.

१ मे १९८८, मुंबईत जन्म. मूळ घर राजस्थानचं. वडील नौदलात. नौदलातल्या घरातलं मूल म्हणजे काय, तर बाबांची बदली झाली की सामान बांधायचं, नवी शाळा, नवे मित्र. बाबा जहाजावर असले की घरात एक ताट कमी. तिचं शिक्षण पुढे विशाखापट्टणमला झालं, तेही नौदलाचंच शहर. म्हणजे बघा, वाट बघणं काय असतं हे तिला गणवेश घालायच्या कितीतरी आधी माहीत होतं. तरी तिने तोच गणवेश निवडला.

२०१० मध्ये केरळातल्या एझिमला इथल्या नौदल अकादमीतून ती अधिकारी झाली. त्याच्या जेमतेम एक वर्ष आधी, २००९ मध्ये, सीमा राणी शर्मा आणि अंबिका हुडा या नौदलाच्या पहिल्या दोन महिला ऑब्झर्व्हर झाल्या होत्या. नौदलाने वैद्यकीय शाखेबाहेर महिला अधिकारी घ्यायला सुरुवात केली ती १९९२ मध्ये. विमानात ऑब्झर्व्हर म्हणून बसायला पुढची सतरा वर्षं गेली. किरण या वाटेवर अगदी सुरुवातीला चालणाऱ्यांपैकी. पुढच्याच्या पावलांचे ठसेसुद्धा नीट उमटले नव्हते.

ती डॉर्नियर विमानावर काम करायची. दोन पंख्यांचं छोटं विमान, आपल्याच एचएएलने कानपूरला बनवलेलं. किनाऱ्याची टेहळणी आणि शोधमोहिमा यांसाठी ते वापरतात. २०१५ मध्ये ती गोव्यात होती, दाभोळीच्या आयएनएस हंसा तळावर. आपण गोव्याला विमानाने गेलो आणि दाभोळीला उतरलो, तर तीच धावपट्टी. तिची स्क्वाड्रन ३१० क्रमांकाची, टोपणनाव 'कोब्रा'.

लग्न झालेलं, नवराही नौदलातच अधिकारी. आता हे घर डोळ्यांसमोर आणा. दोघांच्या ड्युट्या वेगळ्या, पोस्टिंग वेगळं. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात आई एका शिफ्टला आणि बाबा दुसऱ्या शिफ्टला असतात, खोपोलीच्या कंपन्यांत काय, रेल्वेत काय, त्यांना हे समजावून सांगायला नको. फ्रिजवर चिठ्ठी, फोनवर संसार. फरक एवढाच, की इथे दोघांनाही माहीत असतं की फोन लागला नाही तर त्याचा अर्थ काय काय असू शकतो. आणि दोघंही तो फोन परत लावतात.

२६ जानेवारी २०१५. दिल्लीत राजपथावर पहिल्यांदाच तिन्ही दलांच्या फक्त महिलांच्या तुकड्या संचलनात चालल्या. ओबामा पाहुणे होते तो प्रजासत्ताक दिन. नौदलाच्या तुकडीत किरण होती.

त्यानंतर दोन महिने. २४ मार्च २०१५ ची रात्र. प्रशिक्षणाच्या नेहमीच्या उड्डाणावर निघालेलं तिचं डॉर्नियर गोव्याच्या नैऋत्येला समुद्रात कोसळलं. आत तिघं होते. एका वैमानिकाला मासेमारी करणाऱ्यांनी पाण्यातून वाचवलं. नौदलाची आणि तटरक्षक दलाची जहाजं, विमानं शोधाला लागली. म्हणजे जे काम ती करायची तेच काम आता तिच्यासाठी चालू होतं. दोन दिवसांनी समुद्राच्या तळाशी, विमानाच्या सांगाड्यात ती सापडली. सहवैमानिक लेफ्टनंट अभिनव नागोरी हेही गेले. किरणचे अंत्यसंस्कार हरियाणात, सासरच्या कुर्थला गावी झाले. कर्तव्यावर असताना प्राण गेलेली भारतीय नौदलातली ती पहिली महिला अधिकारी. वय २६.

(इथे मी थोडा वेळ थांबलो होतो. ऑडिओत ती शांतता तशीच ठेवली आहे.)

आता मला ज्या मेसेजमुळे हा भाग करावासा वाटला तो सांगतो. खालापूर तालुक्यातली एक मुलगी, इंजिनिअरिंगला आहे. तिने लिहिलं : 'दादा, मला नेव्हीचा फॉर्म भरायचाय. पप्पा म्हणतात, विमानबिमान नको, बँकेची परीक्षा दे. आई काहीच बोलत नाही. काय सांगू त्यांना?'

सोपं होतं. मी एखादी जोशपूर्ण रील पाठवू शकलो असतो, मागे ढोल-ताशा, पुढे तिरंगा. पण ते पप्पांना उत्तर झालं नसतं. पप्पांची भीती खोटी नाहीये. किरणची गोष्ट तेच सांगते. नेहमीचं उड्डाण, युद्ध नाही, शत्रू नाही, तरीही. हे लपवून जी परवानगी मिळेल ती परवानगी नाही, फसवणूक आहे.

मग किरणची गोष्ट मी का सांगतोय? कारण ती दुसरंही काही सांगते. या कामात कोणीच एकटं नसतं. इथे परत आपल्या स्टेशनवर या. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, मागे इंजिन लागतं, बँकर. घाट चढायचा तर पुढच्या इंजिनाचा जोर पुरत नाही, मागून ढकलणारं लागतं. गाडीतल्या प्रवाशांना ते दिसतही नाही, लोणावळा आलं की सुटून जातं. नौदलातल्या माणसाच्या घराचं काम असं आहे. जो वर उडतो त्याचा फोटो छापून येतो. घरी जो गॅसचा नंबर लावतो, मुलाची फी भरतो, रात्री बाराला फोन येतो का बघत जागा राहतो, त्याचा फोटो येत नाही. किरण या दोन्ही बाजूंना राहिली होती, आधी वाट बघणारी लेक, मग वाट बघायला लावणारी अधिकारी, आणि त्याच वेळी नवऱ्याची वाट बघणारी बायकोसुद्धा. म्हणून तिला नुसतं 'शूर' म्हणून मोकळं होणं मला अपुरं वाटतं. शौर्य घरातल्या सगळ्यांना मिळून उचलावं लागतं.

म्हणून त्या ताईला मी एवढंच लिहिलं : पप्पांना पटवायला जाऊ नकोस, त्यांना सोबत घे. जाहिरात त्यांच्यासमोर वाच. अधिकाऱ्याची नोकरी किती वर्षांची, बदल्या कशा, लग्नानंतर काय, दुर्दैवाने काही झालं तर घराला काय, हे प्रश्न तू स्वतः विचार. आई गप्प आहे म्हणजे तिचं मत नाही असं नाही. तिला वेगळं बसवून विचार. आणि उत्तर 'नको' आलं तरी लगेच दार आपटू नकोस. भीतीला वेळ लागतो.

किरणच्या नंतर काय झालं, तेही ऐका. २ डिसेंबर २०१९ ला शिवांगी नौदलाच्या पहिल्या महिला वैमानिक झाल्या, त्याच डॉर्नियर विमानावर. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नौदलातल्या महिलांसाठी पर्मनंट कमिशनचा मार्ग मोकळा केला. आणि ३ ऑगस्ट २०२२ ला पोरबंदरहून एक डॉर्नियर उत्तर अरबी समुद्रावर टेहळणीला गेलं, त्यात पाचही अधिकारी महिला होत्या. कॅप्टन आंचल शर्मा, वैमानिक शिवांगी आणि अपूर्वा गीते, रडार आणि टेहळणीची बाजू बघायला पूजा पांडा आणि पूजा शेखावत. पुरुष अधिकाऱ्याशिवाय पार पडलेली नौदलाची ती पहिली टेहळणी मोहीम. अपघातानंतर सात वर्षांनी, तेच विमान, तोच समुद्र.

ज्यांना खरंच अर्ज करायचाय त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. या कामासाठी शॉर्ट सर्व्हिस कमिशनची जाहिरात नौदलाच्या भरतीच्या अधिकृत साईटवर येते. अट, वय, टक्केवारी तिथेच बघा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोवर नको. पुढे एसएसबीची मुलाखत असते, पाच दिवसांची. पाच दिवस तुमचं बोलणं, वागणं, गटात काम करणं बघतात. 'ओळख आहे, पैसे द्या, काम करून देतो' म्हणणारा भेटला तर तिथून निघा. एसएसबी अशी विकत मिळत नाही.

आणि दुसरं, गोव्याचा प्लॅन तर तुमचा दरवर्षी ठरतोच, कधी कधी होतोही. या वेळी बोगमाळोला जा. दाभोळीच्या विमानतळाजवळच नौदलाचं हवाई संग्रहालय आहे, १९९८ मध्ये सुरू झालेलं. तिथे उघड्यावर एक अलिझे विमान ठेवलंय. १९६१ मध्ये किरणची ३१० नंबरची स्क्वाड्रन सुरू झाली ती याच विमानांवर. तीन माणसं बसायची त्यात. सगळे पुढच्या काचेपाशी सेल्फी काढतात. तुम्ही जरा बाजूने चालत जा आणि बघा, जो विमान चालवत नव्हता तो कुठे बसायचा, आणि त्याला खिडकीतून किती दिसत असेल.

बस, आज इतकंच. घरात कोणी फौजेत, नौदलात, हवाई दलात असेल तर त्यांच्याबद्दल नको, त्यांच्या मागे घर सांभाळणाऱ्या माणसाबद्दल व्हॉइस नोट पाठवा. दोन मिनिटांच्या आतली. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकू. भेटूच.