ज्वालामुखीच्या पायथ्याकडून



व्याख्यानमालेच्या चालकांनी माझ्या विषयाचे नाव पत्रिकेत ‘ज्वालामुखींच्या प्रदेशात पदभ्रमण’ असे छापले आहे. ते वाचून धूर, आग आणि उकळता रस यांच्या गोष्टी ऐकण्याच्या आशेने कोणी आले असेल, तर त्यांची थोडी निराशा होणार आहे. मी ज्या मुलखाविषयी बोलणार आहे तेथला शेवटचा स्फोट होऊन सुमारे ६,९०० वर्षे लोटली. तेथे आज गाई चरतात, चीज होते, आणि वाटसरूला कोणी ‘कोठले?’ असे विचारले तर तेच मोठे विशेष. परंतु आपण ज्या काळ्या दगडावर जन्मलो आणि ज्याच्या जोत्यावर आपले वाडे उभे आहेत, तो दगड अग्नीतून निघाला हे माणसाला प्रथम कळले ते या गाई चरतात त्या मुलखात. आणि कळले ते पायी चालल्यामुळे. म्हणून हा विषय मी आपल्यापुढे आणला आहे.

फ्रान्सच्या नकाशावर साधारण मध्याच्या थोडे खाली बोट ठेवले तर ते ओव्हेर्न प्रांतावर पडेल. तेथले मुख्य शहर क्लेरमाँ-फेराँ. मोटारींच्या टायरांमुळे हे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. शहराच्या पश्चिमेस दक्षिणोत्तर अशी सुमारे ऐंशी ज्वालामुखींची एक रांग आहे. लांबी अवघी ३२ किलोमीटर. तिकडे डोंगराला ‘पुई’ म्हणतात. त्यांतला सर्वांत उंच पुई द दोम, १,४६५ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईहून सुमारे १८० मीटरने ठेंगणा. या रांगेला २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, आणि मग जे होते ते झाले. प्रवासी येतो तो पुई द दोमवर जातो. २०१२ पासून माथ्यापर्यंत दातेरी रुळांची आगगाडी आहे. पाव तासात ती तुम्हाला वर नेऊन ठेवते. वर रोमन देवालयाचे अवशेष आहेत, उपाहारगृह आहे, आणि १६४८ साली पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने वातावरणाचा दाब मोजण्यासाठी पाऱ्याची नळी चढवून नेली ती हीच जागा. हे सारे पाहण्यासारखे आहे. पण मौज अशी की, ज्वालामुखी पाहायला म्हणून माणूस ज्या डोंगरावर जातो, त्या डोंगराला मुखच नाही! तेथला रस इतका घट्ट होता की तो वाहिलाच नाही. पिठले फार आटले म्हणजे पातेल्यात पसरत नाही, ढीग होऊन बसते, तसा तो जागच्या जागी फुगून बसला. माथ्यावरून बाकीच्या पुई दिसतात खऱ्या, एखाद्या चित्रासारख्या ओळीने मांडलेल्या. पण चित्र पाहणे निराळे आणि गोष्ट समजणे निराळे.

गोष्ट समजली ती कशी, ते थोडे सविस्तर सांगतो.

१७५१ साली गेतार नावाचा एक फ्रेंच शास्त्रज्ञ आपल्या मालझेर्ब या स्नेह्याबरोबर या बाजूस प्रवास करीत होता. मूलँ गावाजवळ त्याला रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांनी थांबवले. दगड काळे, हलके, भोके-भोके असलेले. जिवंत ज्वालामुखी त्याने कधी पाहिला नव्हता, पण संग्रहालयांतले व्हेसुव्हियसचे नमुने त्याच्या ओळखीचे होते. हा दगड कोठला, असे विचारता लोकांनी व्होल्विक गावाचे नाव सांगितले. तो दगडाच्या मागावर निघाला, व्होल्विकच्या खाणी पाहिल्या, पुई द दोम चढला, आणि १७५२ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्याने सांगितले की फ्रान्सच्या पोटात विझलेले ज्वालामुखी आहेत. क्लेरमाँचे लोक त्याच दगडाची घरे शतकानुशतके बांधीत होते. १२४८ साली आरंभलेले त्यांचे काळेभोर कॅथीड्रल त्याच दगडाचे आहे. घरच्या वस्तूकडे पाहण्याची आपली रीत सर्व देशांत सारखीच दिसते.

परंतु गेतारला अर्धेच कोडे उलगडले. सच्छिद्र दगड अग्नीचा, हे त्याने ओळखले. पण घट्ट विणीचा काळा बेसाल्ट, जो पुष्कळदा षट्कोनी खांबांच्या रूपात आढळतो, तो मात्र पाण्यात स्फटिकासारखा जमला असावा असेच त्याचे मत होते. उरलेले अर्धे उलगडले ते निकोला देमारे याने. हा सरकारी नोकरीत कारखान्यांचा निरीक्षक. १७६३ साली क्लेरमाँहून पुई द दोमच्या रस्त्याने वर चढताना प्रूदेलच्या पठाराच्या कडेला त्याला असे खांब दिसले. दुसरा कोणी असता तर चित्र काढून पुढे गेला असता. देमारेने खांबांचा तो थर धरला आणि तो कोठवर जातो हे पाहत चालू लागला. ठिकठिकाणी त्याला आढळले की घट्ट खडक वर वर जाता खरखरीत होतो, सच्छिद्र होतो, आणि अखेर राखेच्या टेकडीच्या मुखाशी जाऊन मिळतो. म्हणजे खांब आणि राख ही एकाच प्रवाहाची दोन टोके! हे समजायला लागणारे हत्यार एकच होते, पाय. त्याच्याविषयी असे लिहून ठेवले आहे की शिदोरीला थोडे चीज घेऊन तो पायी हिंडे, सराईत उतरत नसे, आणि रात्री गुराख्यांच्या झोपड्यांत जमिनीवर निजे. पुढे जर्मनीत वेर्नर या मोठ्या आचार्याने सर्व बेसाल्ट आदिसागराच्या पाण्यातून साचला असे शिकवले आणि युरोपभर दोन पक्ष पडले. म्हाताऱ्या देमारेला वादात ओढू पाहणाऱ्यांना त्याचे उत्तर ठरलेले असे: ‘जा आणि पाहा.’ वेर्नरचे नामांकित शिष्य खरोखरच गेले. फोन बूख १८०२ साली, दोब्युइसाँ त्यानंतर लवकरच. दोब्युइसाँने तर परत येऊन गुरूचे मत उघडपणे सोडले. शिष्याला गुरूचे मत सोडायला एवढे धैर्य लागते की त्याबद्दल त्या मुलखाच्या रस्त्यांना थोडे श्रेय द्यायला हरकत नाही.

आता आपण चालू. मी सुचवतो ती वाट माथ्यावरून उतरत नाही; ती शेपटाकडून निघते. क्लेरमाँच्या दक्षिणेस सँ सातुर्नँ नावाचे एक टुमदार खेडे आहे, बाराव्या शतकातले देऊळ असलेले. पुई द ला व्हाश आणि लासोला या जोड ज्वालामुखींचा प्रवाह दऱ्या धरून या खेड्याच्या बाजूस उतरला. ‘पुई द ला व्हाश’ म्हणजे अक्षरशः ‘गाईचा डोंगर’. हे नाव ऐकून मला घरच्यासारखे वाटले. येथून वर निघावे. डाव्या-उजव्या हाताला ओढे लागतात, कारण रसाने दरीत बैठक मारली की मूळ नदी हुसकून लावली जाते आणि ती कडेने नवी वाट पाडते. थोडे पुढे रान सुरू होते; झाडांच्या मुळांशी काळे, धारदार, शेवाळलेले धोंडे. अशा प्रवाहाला तिकडे ‘शेर’ म्हणतात. आपल्या शेर-मापट्याशी त्याचा काही संबंध नाही, पण चपला फाडण्यात तो कोणत्याही मापाला भारी आहे. मग एदाचे सरोवर येते. प्रवाहाने व्हेर नदीचे तोंड दाबले म्हणून पाणी तुंबले. सुमारे साठ हेक्टरांचे हे पाणी आठ हजारांवर वर्षे तसेच आहे. सरोवरापाशी सुट्टीच्या दिवसांत गर्दी असते. ती मागे टाकून पुन्हा रानात शिरावे. दुपार कलण्याच्या सुमारास झाडी संपते आणि समोर नालेच्या आकाराचा, एका बाजूने पडलेला तांबडा-काळा कडा उभा राहतो. वाटी का फुटली, हे आता कोणी सांगावे लागत नाही. सकाळपासून आपण ज्याच्या अंगावरून चालत आलो, तो येथून भिंत फोडून बाहेर पडला. गाडीने थेट या कड्याशी येणाऱ्याला फुटकी वाटी तेवढी दिसते; त्यातले काय सांडले आणि कोठवर गेले, हे त्याला दिसत नाही.

या प्रवाहांच्या शेवटी खेडी का वसली, हेही चालणाऱ्यालाच ध्यानात येते. वरच्या राखेत आणि भेगाळ दगडात पाऊस टिकत नाही, मुरतो. माथ्याकडे ओढा नाही, विहीर नाही. ते पाणी प्रवाहाच्या पोटाखालून, पुरल्या गेलेल्या जुन्या दरीच्या तळाने वाहते आणि प्रवाह जेथे संपतो तेथे थंडगार झरा होऊन वर येते. रोयाचे झरे असेच. व्होल्विकचे पाणी बाटल्यांत भरून जगभर विकले जाते तेही असेच गाळून आलेले. अलीकडच्या कोरड्या वर्षांत बाटल्यांसाठी होणारा उपसा आणि खालच्या झऱ्यांची घटलेली धार यांवरून तेथे मोठा वाद माजला आहे. झऱ्याकाठी ज्याचे जन्म गेले त्याचा आवाज अशा वादात बारीक पडतो, एवढे आपल्याकडच्या अनुभवावरून सांगता येईल.

देमारेने आणखी एक गोष्ट पाहिली आणि मला ती सर्वांत सुंदर वाटते. नवे प्रवाह दऱ्यांच्या तळाशी आहेत. जुने मात्र डोंगरांच्या माथ्यावर! असे उलटे कसे? तर एकेकाळी तेही दरीतच वाहिले होते. पुढे भोवतालचा मऊ दगड पावसापाण्याने झिजून गेला, घट्ट बेसाल्ट टिकला, आणि दरीचा तळ डोंगराचा माथा होऊन बसला. जेर्गोव्हीचे पठार हे असेच. इ. स. पूर्व ५२ मध्ये गॉल लोकांच्या वेर्सिंजेतोरिक्सने याच मुलखात, अशाच एका सपाट माथ्यावरून सीझरच्या सैन्याला मागे रेटले. काळ्या कड्यांच्या आश्रयाने थोड्यांनी बहुतांशी कसे लढावे, हे महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्या दख्खनचा पाषाण ६ कोटी ६० लाख वर्षांमागचा. तो लांबच लांब भेगांतून, थरावर थर, असा आला. त्याची मुखे म्हणून दाखवायला ओळीने मांडलेल्या टेकड्या नाहीत. आपल्याकडे ग्रंथाची पाने आहेत, मुखपृष्ठ गेले आहे. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे खांब पाहून ‘हे काय?’ असे विचारणाऱ्याला जे उत्तर मिळते, ते आधी ओव्हेर्नमध्ये चालून मिळवलेले आहे.

दक्षिणेकडे गेले की प्रवासी आणखी विरळ होतात. सेझालिये नावाचे बेसाल्टचे एक ओसाड, लाटालाटांचे पठार लागते. तासन्‌तास चालावे, माणूस भेटत नाही. त्यापलीकडे कांतालचा प्रचंड ज्वालामुखी, पायथ्याचा व्यास साठ किलोमीटरांच्या वर, हिमनद्यांनी चहूकडून दऱ्या कोरलेला. येथली सालेर जातीची गाय गडद तांबडी, लांब शिंगांची आणि मोठी मानी. वासरू जवळ असल्याखेरीज ती पान्हावत नाही. आधी वासराला लावायचे, मग त्याला तिच्या पायाशी बांधून धार काढायची. शहरातल्या श्रोत्यांना नवल वाटेल, पण खेड्यातून आलेले आता हसताहेत ते मला दिसते आहे. उन्हाळ्यात गुरे वरच्या कुरणांत नेत आणि गवळी पाच-पाच महिने दगडी खोपटात राहून चीज करीत. या खोपटांना ‘ब्युराँ’ म्हणतात. छप्परसुद्धा दगडी फरशांचे. आज त्यांतली बहुतेक पडली आहेत. चीज अजून जेथे होते अशी बोटांवर मोजण्याइतकी.

माणसे गेली कोठे? पॅरिसला. ओव्हेर्नचे लोक आधी तेथे घरोघर पाण्याच्या बादल्या चढवीत, पुढे कोळसा विकू लागले, मग कोळशाच्या वखारीतच एका कोपऱ्यात दारूचा पेला मिळू लागला, आणि त्यातून पॅरिसची कितीतरी उपाहारगृहे निघाली. कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या आपल्या चाकरमान्यांची आठवण होते. माणूस गेला, गुरे-मेंढ्या कमी झाल्या, आणि उघड्या डोंगरांवर रान चढू लागले. काही ठिकाणी तर मुद्दाम झाडे लावली गेली. रान वाढले तर वाईट काय, असे आपण विचाराल. वाईट एवढेच की ज्वालामुखीच्या वाट्या आज ज्या स्वच्छ दिसतात, त्या मेंढ्यांनी राखलेल्या आहेत. ज्या पुईवर मेंढी नाही तिचा आकार झाडीत बुडाला. म्हणून आता काही पुईंवर मेंढपाळांच्या कळपांना मुद्दाम जागा राखली जाते. जागतिक वारसा सांभाळण्याचे काम सरकारी कागदांइतकेच चार पायांच्या जनावरांवर सोपवलेले पाहून मला समाधान वाटले.

कोणी जाणार असेल तर दोन गोष्टी. मे-जूनमध्ये फुले असतात, सप्टेंबरमध्ये आकाश स्वच्छ असते. ऑगस्टात जाऊ नये. खेड्यांतली दुकाने दुपारी बंद आणि सोमवारी पुष्कळदा दिवसभर बंद, तेव्हा शिदोरी जवळ ठेवावी. लांबच्या वाटांवर झाडा-दगडांवर पांढरा-लाल पट्टा रंगवलेला असतो. तो दिसेनासा झाला की पुढे न रेटता मागच्या पट्ट्यापर्यंत परतावे. धुके तेथे झपाट्याने येते, आणि सेझालियेवर धुक्यात सगळ्या दिशा सारख्या. कुरणाचे फाटक उघडले तर मागे लावून घ्यावे. वासरू असलेल्या गाईच्या आणि वासराच्या मधून जाऊ नये. ती सालेर असेल तर मुळीच नाही.