आयफोन की अँड्रॉइड?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कोणता फोन घ्यावा, हा प्रश्न हल्ली हळदीकुंकवालाही निघतो. त्याविषयी चार शब्द सांगते.

आयफोन २००७ साली अमेरिकेत निघाला, तेव्हा त्याची किंमत ४९९ डॉलर होती; शिवाय दोन वर्षांचा करार. यंत्राची आखणी आणि आतली प्रणाली दोन्ही अ‍ॅपल कंपनीचीच, म्हणून त्यात एकहाती स्वयंपाकासारखा मेळ असतो. गूगलने मात्र अँड्रॉइड प्रणाली अनेक कारखानदारांना खुली केली. तिचा पहिला फोन २००८ साली आला, आणि २०१४ साली भारतात ‘अँड्रॉइड वन’ फोन ६,३९९ रुपयांपासून मिळू लागले. पीठ एकच, पण घरोघरची भाकरी निराळी! काही अँड्रॉइड फोन आयफोनइतकेच सुबक व महाग, तर काही लवकरच रखडू लागणारे.

देखणेपणालाही भुलू नये. २०१० चा आयफोन काच आणि पोलादाचा, फार सुरेख. पण कडेची पट्टीच त्याची अँटेना होती. विशिष्ट तऱ्हेने धरला की संदेशलहरी क्षीण होत. अखेर कंपनीला मोफत आवरणे द्यावी लागली. हातात नीट बसणे, अक्षर स्वच्छ दिसणे, हीच खरी घडण.

आता किमतीचे. १२,००० रुपयांचा फोन तीन वर्षे चालला, तर वर्षाला ४,००० पडले. ४२,००० चा सात वर्षे चालला, तर ६,०००. म्हणजे स्वस्त ते स्वस्तच. पण अंतर दुकानात वाटते तेवढे नाही. मात्र कंपनी सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे पुरवणार, हे आधी विचारावे. गूगलने २०२३ साली आणि सॅमसंगने २०२४ साली आपल्या वरच्या प्रतीच्या फोनांना सात वर्षांचे वचन दिले. स्वस्त फोनांना ही मुदत बहुधा कमी असते.

हे मी आवर्जून सांगते, कारण घरात नवा फोन आला की जुना बहुधा आपल्या वाट्याला येतो. सुधारणा बंद झालेल्या त्याच फोनवर आपण बँकेचे व्यवहार करतो! कष्टाची पुंजी अशा मोडक्या कडीच्या कपाटात ठेवू नका. आयफोन असो वा अँड्रॉइड, आपला फोन आपण पारखून घ्यावा, आणि त्यासाठी घरच्या अंदाजपत्रकात आपला हिस्सा मागायला संकोचू नये.